नव्या रायपूरच्या बसमध्ये हवा मागताना

आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. वडील वर्ध्याला पत्रकं काढत: पाण्याचं, दारूचं, शाळेच्या फीचं, बंद केलेल्या एसटीच्या फेरीचं. मी वाचायला शिकले ती ओल्या शाईच्या त्या कागदांवर. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मला आधी मागणीसारखी दिसते. सांगायचं कारण एवढंच, की मागच्या हिवाळ्यात मी रायपूरला गेले ती फिरायला गेले नव्हते. मला बसची वकिली करायला बोलावलं होतं.

बोलावलं नलूमावशीनं. ती एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. राजधानी जुन्या शहरातून नव्या रायपुरात गेली तेव्हा तिचं कार्यालयही तिकडे गेलं, आणि तेव्हापासून ती शंकर नगरातून रोज बसनं जाते. गेल्या वर्षी काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून ते घरी आले, पण फुप्फुसं पूर्वीसारखी राहिली नाहीत. डॉक्टरांनी बजावलं, इतरांना जी साधी सर्दी, ती यांच्यासाठी साधी नाही. काका आजारी पडायच्या आठवडाभर आधी मावशी खोकत होती, आणि त्याच्याआधी तिची अर्धी बस खोकत होती. मावशीची मुलगी ऋतू हिनं हे दोन खोकले एकमेकांना जोडले. तेव्हापासून तिचा एकच धोशा होता: मम्मीनं नोकरी सोडावी.

मावशीचा फोन आला तो असा: "तू ये न बापा. तुले बोलता येते. ह्या पोट्टीले जरा समजाव, बस म्हणजे काही यमाची गाडी नाही."

मी बसवर दोन पत्रकं लिहिली होती. त्यातल्या एकात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'बस सर्वांची, बस सुरक्षित'. मी पिशवी भरली.

शंकर नगर

आगगाडीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. वातानुकूलित डबा, बंद काचा, समोर एक गृहस्थ, त्यांना शिंका. मी नाकावर मास्क ओढला आणि गोंदिया गेलं, डोंगरगड गेलं.

रायपूर स्टेशनावरून शंकर नगरात पोचेपर्यंत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. इथं रस्त्यावर जवळजवळ कुणाचंच तोंड दिसत नाही. स्कूटीवरच्या मुलींनी कपाळापासून गळ्यापर्यंत ओढण्या गुंडाळलेल्या, फक्त डोळे उघडे. मोटारसायकलवरचे लोक गमछ्यात. सायकलवरचा दूधवालासुद्धा. धूळ आहेच तशी. मला आनंद झाला. म्हटलं, या शहराला मास्कचं महत्त्व शिकवायची गरजच नाही, हे आधीच शिकलेलं आहे. माझा हा आनंद एक रात्र टिकला.

जेवायला मावशीनं तिवऱ्याच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, पाल्याची भाजी आणि फरा केला होता. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे, वरून तिळाची फोडणी. भाजी वर्ध्याच्या लाखोळीची सख्खी बहीण. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जेवले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, एके काळी आवाज फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. आता वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेतात आणि मग तेच वाक्य पुढं नेतात, जणू मध्ये काही झालंच नाही.

"काय म्हणते मग... बसची पार्टी?" त्यांनी मला विचारलं.

मी सुरू झाले. बसेस कमी आहेत म्हणून गर्दी, गर्दी आहे म्हणून खोकला. दोष बसचा नाही, दोष कमी बसेसचा. ऋतू ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर हिंदीत देते.

"दीदी, वो सब ठीक है. बसें बढ़ेंगी तब बढ़ेंगी. पापा के फेफड़े तब तक रुकेंगे क्या?"

मी आणखी एक फरा वाढून घेतला.

"उद्या येतो मी तुझ्या मम्मीसंगं, बघतो," असं मी म्हणाले. मावशीच्या घरी पाय ठेवला की माझं व्याकरण आपोआप बदलतं.

"बघ, बघ," मावशी म्हणाली. "आणि जरा नीट कपडे घालून ये वो. माया मैत्रिणी राहतात बसमध्ये."

नव्या राजधानीकडे

सकाळी धुकं होतं. थांब्यावर सगळे गुंडाळलेले: शाली, मफलर, ओढण्या, गमछे. बस आली, चकचकीत, वातानुकूलित, काचा न उघडणाऱ्या. आम्ही चढलो, दार बंद झालं, आणि जे मी पाहिलं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चढणारा प्रत्येक जण जागेवर बसता बसता तोंडावरचं कापड सोडत होता. गाठी सुटल्या, पिना निघाल्या, गमछे मांडीवर घडी होऊन बसले. रस्त्यावर, मोकळ्या हवेत, झाकलेली तोंडं आणि इथं, बंद डब्यात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, सगळी उघडी. मावशीनंसुद्धा सोडलं.

"काहून सोडलं?" मी विचारलं.

"मग? आता कुठं धूळ हाय इथं?"

आमच्याकडं एसटीत असं होत नाही, कारण एसटीची निम्मी तावदानं नीट बंद होत नाहीत किंवा असतच नाहीत. धूळ आतही येते, म्हणून रुमाल आतही राहतो. इथं रस्ता गुळगुळीत, बस नवी, काच पक्की. धूळ बाहेर राहते आणि माणसं निर्धास्त होतात. बस जितकी चांगली, तितकी तोंडं उघडी. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे पचवायला जड जातं. आम्ही आयुष्यभर चांगल्या बसेस मागत आलो.

मावशीच्या शेजारची जागा ठरलेली होती. तिथं साहू दीदी बसल्या: मावशीच्याच वयाच्या, दुसऱ्या कार्यालयात, वर्षानुवर्षांची सोबत. त्यांनी बसल्याबरोबर सासूची तक्रार काल जिथं सोडली होती तिथून उचलली. मागं एक माणूस खोकला. पुढं दुसरा. काचांवर आतून वाफ जमली होती. तो इतक्या माणसांचा श्वास होता. छतात एक झडप दिसत होती, बंद. मी उठले आणि कंडक्टरला हाक मारली. माझी हिंदी वर्ध्याची आहे.

"भैया, हवा होना!"

आमच्याकडं 'होना' म्हणजे पाहिजे. पाणी होना, चहा होना, हवा होना. पण खऱ्या हिंदीत हवा होणं म्हणजे पसार होणं, गायब होणं. कंडक्टरनं माझ्याकडं काळजीनं पाहिलं.

"हव दीदी," तो म्हणाला. 'हव' म्हणजे छत्तीसगढीत हो. "अगला स्टॉप आ रहा है, वहीं हवा हो जाना."

बस हसली. पुढची, मागची, सगळी. साहू दीदींना हसता हसता ठसका लागला. मी हात वर करून झडप दाखवली. "वो! वो उघाडो! हवा!"

"उघाडो नहीं, खोलो," मावशी कुजबुजली, आणि स्वतःच हसत सुटली.

शेवटी कंडक्टरला कळलं. तो म्हणाला, "हव, हव," आणि झडपेला हातही न लावता तिकिटं फाडू लागला. मी पुन्हा म्हटलं, त्यानं पुन्हा हव म्हटलं. इतका गोड नकार मी कुठल्याही कार्यालयात ऐकलेला नाही. मग मी स्वतः आसनावर चढून ती उघडली. गार वारा धबकन आत आला.

"ए नोनी, जाड़ लागत हे!" एक म्हातारी ओरडली. नोनी म्हणजे पोरी, आणि जाड़ म्हणजे थंडी.

"आजी, सब खाँस रहे हैं. ताजी हवा से बीमारी कम फैलती है."

"बीमारी त बाद में होही, जाड़ त अभी लागत हे."

साहू दीदींनी निवाडा दिला: झडप अर्धी उघडी राहील आणि मी खाली बसेन. मी बसले. बसता बसता त्यांना कारण सांगितलं, काकांची फुप्फुसं, डॉक्टरांची ताकीद. त्यांचं हसू थांबलं.

"हमको तो बताया नहीं तुमने," त्या मावशीला म्हणाल्या. "इतना सीरियस है?"

"काय सांगायचं," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

बाहेर नवं रायपूर सुरू झालं होतं. रुंद रस्ते, रांगेत लावलेली झाडं, आणि एकमेकांपासून रुसल्यासारख्या लांब लांब उभ्या इमारती. चौक इतके मोठे की त्यांत आमचा मोहल्ला मावेल. मोटारी सुसाट, पायी माणूस जवळजवळ नाही, एका थांब्याच्या सावलीत दोन गायी. हे शहर माणसाच्या पायांसाठी आखलेलंच नाही, आणि ज्याच्याकडं मोटार नाही त्याला बस सोडून दुसरं काही नाही. मावशी या वयात स्कूटीवर इतक्या लांब येणार नाही. म्हणजे ऋतू जेव्हा म्हणते बस सोड, तेव्हा ती म्हणत असते नोकरी सोड. हे मला फोनवर कळलं होतं. त्या चौकांमध्ये ते दिसलं.

अभनपूर

दुसऱ्या दिवशी मी एकटीच अभनपूरला गेले, मुद्दाम साध्या खासगी बसनं. मला तुलना करायची होती. ही बस आमच्या एसटीची चुलतबहीण निघाली: काचा खडखडणाऱ्या, वारा चारी बाजूंनी, धूळ भरपूर. आणि खरोखरच इथं निम्म्या लोकांनी गमछे सोडले नव्हते. मी खूश झाले. माझा सिद्धांत सिद्ध होत होता.

अभनपूर बाजाराचं गाव आहे. धानाची पोती, ट्रॅक्टर, भुशाचा सोनेरी धुरळा, चहाच्या टपरीवर गरम भजी. मी भजी खाल्ली, फिरले, परतीच्या बसमध्ये बसले. शेजारी एक आजोबा आले, धानाचे व्यापारी, पांढरं धोतर, तोंडावर गमछा. बसले आणि खोलवर खोकले. गमछ्यात खोकले, मी मनात त्यांना शाबासकी दिली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गमछा हनुवटीखाली ओढला आणि विचारलं, "कहाँ ले आय हव, नोनी?"

कुठून आलात? मी म्हटलं, महाराष्ट्रातून, आणि दादा, गमछा वर घ्या, खोकला आहे तुम्हाला. त्यांनी लगेच वर घेतला. गाडी चालली. त्यांना पुढचा प्रश्न सुचला. गमछा खाली. "एती कोन हे तुँहर?" इकडं तुमचं कोण आहे? मावशी आहे, म्हटलं, गमछा वर घ्या. वर. पुन्हा प्रश्न, पुन्हा खाली. मधल्या वेळात उघड्या तोंडानं दोनदा खोकून झालं. शेवटी मी विचारलं, दादा, कापडातूनच बोला ना, मला ऐकू येतं.

आजोबांना ते खटकलं. "मुँह बाँध के गोठियाबो त आघू वाला का सोचही?"

तोंड बांधून बोललो तर समोरचा काय म्हणेल? चेहरा न दाखवता बोलणारा एक तर चोर, नाही तर रुसलेला. रस्त्यावरच्या धुळीशी आपल्याला बोलायचं नसतं, म्हणून तिच्यासमोर तोंड झाकावं. माणसासमोर उघडावं. काल बसमध्ये सुटलेल्या गाठींचा अर्थ मला आत्ता लागला. धूळ नाही म्हणून सुटल्या, हे अर्धंच खरं होतं. शेजारी माणूस होतं म्हणून सुटल्या.

मी आजोबांना समजावायला घेतलं. थेंब, श्वास, बंद जागा, म्हाताऱ्या माणसांचा धोका. मी चांगली बोलत होते, तेही मान डोलावत होते. रायपूर जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा मास्क माझ्या हनुवटीखाली आहे. बोलायचं म्हणून मीच तो ओढला होता. कधी, ते आठवत नाही.

गच्चीवरची खोली

दोन दिवसांनी सकाळी घसा खवखवला. दुपारपर्यंत नाक, संध्याकाळी अंगात कणकण. कुठून आलं ते मी सांगू शकत नाही. आजोबांकडून, झडपेच्या बसमधून, की आगगाडीतल्या शिंकांमधून. पण ते माझ्यात होतं, आणि मी काकांपासून एका भिंतीच्या अंतरावर होते.

मी तोंड बांधून मावशीला दारातूनच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ऋतू तडक वर गेली, गच्चीवरच्या खोलीतलं सामान बाजूला केलं, गादी टाकली, पाण्याची घागर ठेवली. मी गेल्यावर जिन्यातून म्हणाली, "आपकी बस बहुत सुरक्षित है, दीदी."

परत वर्ध्याला जायचं तर पुन्हा त्याच डब्यात बसून दुसऱ्या कुणाच्या काकांसमोर शिंकायचं. आजारी माणसानं प्रवास करू नये असं मीच छापून वाटलं होतं. तेव्हा राहिले. आणि तिथं पडल्या पडल्या मला दुसरीही गोष्ट दिसली: मी राहू शकले, कारण माझं काम कुणी मोजत नाही. बसमध्ये खोकणाऱ्यांतल्या कितीजणांना घरी राहायची मुभा असते? रजा नाही म्हणून माणूस खोकत बसमध्ये चढतो, आणि आपण बसला नावं ठेवतो. ताप आला होता, तरी राग आला की मला बरं वाटतं.

माझ्या संगतीत राहिल्यामुळे मावशीनंही रजा घेतली. तिला काही झालंय का, ते कळेपर्यंत ती पुढच्या खोलीत, काका मागच्या खोलीत, दोघांची तोंडं बांधलेली, सगळ्या खिडक्या उघड्या. सगळ्यांनी फ्लूची लस घेतलेली होती, पण ती प्रत्येक आजारावर चालत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घरात कुणी खोकलं की सगळं घर कान टवकारायचं. एकदा काकांना पाण्याचा ठसका लागला तर ऋतू स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच धावली.

मावशीला घरी राहायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी तिनं डबे घासले. दुसऱ्या दिवशी तेच डबे पुन्हा घासले. मग ती दारातूनच, लांबून, काकांच्या श्वासाच्या व्यायामावर देखरेख करू लागली. एका नळीतून हवा ओढून प्लास्टिकचे चेंडू वर उचलायचे, असं ते यंत्र असतं. खालून तिचा आवाज गच्चीवर यायचा: "अजून! अजून ओढा! कालच्यापेक्षा कमी होऊन राहिला चेंडू!"

काका उन्हाला अंगणात आले की मान वर करून मला हाक मारत. मी कठड्याशी, ते खाली, मध्ये सगळी हवा.

"ऐकलं का... हिचं?" ते म्हणाले. "हिले ऑफिसात पाठवा बापा. नाही तर मी खोकल्यानं नाही... हिच्यानं मरीन."

ऋतू दारात उभी होती. ती हसली नाही. पण ती आईकडं बघत होती. मावशी ओट्यावर बसली होती, हातात फडकं, आणि पुसायला काही उरलं नव्हतं.

"मम्मी," ऋतू म्हणाली, आणि त्या दिवशी ती मराठीत बोलली, अडखळत, "तुले घरी नाही करमत का?"

"नाही करमत," मावशी म्हणाली. "तुझ्या बापाले काही होईल म्हणून मले रोज भेव लागते. बसमध्येही लागते. पण मी इथं बसून राहिली न, तर दोन माणसं आजारी होतील या घरात."

पुढं बराच वेळ त्या दोघी बोलत राहिल्या. मला वरून सगळं ऐकू आलं नाही.

काकांना काही झालं नाही. मावशीलाही नाही. यात शहाणपण किती आणि नशीब किती, ते मी ठरवू शकत नाही. माझा खोकला थांबला तेव्हा खाली निर्णय झालेला होता. नोकरी राहील, बस राहील, पण ऑफिसच्या वेळेची भरगच्च बस नाही. सकाळची पहिली बस. तिच्यात माणसं थोडी असतात. ऑफिस उघडायच्या बऱ्याच आधी पोचायचं, बाहेर बाकावर बसायचं. परतीलाही शेवटपर्यंत थांबून गर्दी जाऊ द्यायची. तोंडाचं कापड वाटभर सोडायचं नाही. ही अट ऋतूची होती.

"आणि साहू दीदी?" मी विचारलं.

"त्यांचं घर मोठं हाय. सासू हाय. त्या एवढ्या सकाळी नाही येऊ शकत," मावशी म्हणाली आणि डबा भरायला गेली. "फोन करून सांगतलं मी त्यांले."

पहिली बस

माझी गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी मी मावशीबरोबर गेले. तांबडं फुटत होतं. बस जवळजवळ रिकामी. मावशी आपल्या नेहमीच्या जागी बसली, शेजारी पिशवी ठेवली, ओढणीची गाठ हातानं चाचपली आणि तशीच राहू दिली. मी मागच्या रांगेत. कंडक्टर तोच होता. माझ्याकडं पाहून त्यानं न सांगता झडप उघडली, बहुधा मी पुन्हा आसनावर चढू नये म्हणून.

मावशी खिडकीबाहेर बघत होती. बोलायला कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत या बसमध्ये ती गप्प बसलेली कुणी पाहिली नसेल. मला वाटलं, हा सौदा ज्यांनी कुणी केला, त्यांनी तिला काय द्यावं लागतंय ते धरलंच नव्हतं. मीही नव्हतं धरलं. माझ्या कुठल्याच पत्रकात गप्पांची मागणी नव्हती.

दोन थांबे गेले. तिसऱ्यावर कुणीतरी लांबूनच बस थोपवली. शाल, डबा, विस्कटलेली वेणी, आणि दाराच्या पायरीवरूनच आवाज:

"तुम्हारे कारन मुँह अँधेरे उठी हूँ! सास पूछ रही है, बहू भाग रही है क्या?"

साहू दीदी आत आल्या. सवयीनं मावशीच्या शेजारी बसायला निघाल्या, मावशीनं पिशवीवर हात ठेवला आणि मान हलवली. त्या थांबल्या. मग वाटेच्या पलीकडच्या बाकावर, खिडकीशी जाऊन बसल्या. शालीचं टोक नाकापर्यंत ओढलं, पाय वर घेतले, आणि मधल्या सगळ्या रिकाम्या जागेवरून ओरडून सुरू केलं, "तो कल क्या हुआ, सुनो!"

"जोरानं बोला," मावशी ओढणीतून ओरडली, "ऐकू नाही येऊन राहिलं!"